सुलोचनाबाईंचं मत

देवळीच्या बाजार ओळीत प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. सुलोचनाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा भांडेवाल्याच्या घरी आणखी भांडी काय द्यायची, म्हणून वडिलांनी पुस्तकांनी भरलेली पेटी दिली होती. यावरून सासरी बरीच वर्षं थट्टा चालली. पेटीत बहुतेक सगळ्या इन्स्पेक्टर हरदासच्या रहस्यकथा. पुढे दर वर्षा-दोन वर्षांनी हरदासचं नवं पुस्तक निघत राहिलं आणि सुलोचनाबाई ते मागवत राहिल्या. त्यांचे केस पिकले, हरदासचेही पिकले.

प्रभाकररावांनी जन्मात पुस्तक उघडलं नाही. पण दुपारी जेवायला वर आले की पाटावर बसता बसता विचारायचे, "सापडला का तुया खुनी?" मग वाढता वाढता बाई आदल्या दिवसापासूनची गोष्ट सांगायच्या. खुनी त्यांना अर्ध्या पुस्तकातच सापडायचा. जो उगाच गोड बोलतो, त्याच्यावर त्यांची नजर असे.

सून ज्योत्स्नाने त्यांना मोबाइलवरच्या हरदास-वाचकांच्या ग्रुपमध्ये घातलं. पुण्या-नाशकाकडचे, अमरावतीचे लोक होते तिथे. थोड्याच दिवसांत बाई सगळ्यांच्या मावशी झाल्या आणि त्यांचा अंदाज हेच पुस्तकाचं माप झालं. मावशींनी खुनी ओळखला तर पुस्तक कच्चं, मावशी चुकल्या तर पक्कं.

मागच्या हिवाळ्यात प्रभाकररावांनी ठेचा सोडला. पित्त होतं म्हणाले. मग पोळी वरणात कुस्करून खाऊ लागले. दाढ ठणकते म्हणाले. बाईंनी लवंगेचं तेल आणून दिलं, वरण जरा पातळ केलं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा त्यांच्या तोंडात तरुणपणापासून होता, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. ते बोलायचे कमी झाले. खुनी सापडला का, हेही विचारेनासे झाले, तेव्हा बाईंना वाटलं, वय झालं.

उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले ते ज्योत्स्नाला. मग मुलगा अंकित त्यांना सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

ऑपरेशनच्या आधी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "मले माहीत होतं. तुले सांगतलं असतं तं तू घाबरली असती."

ऑपरेशननंतर त्यांना नीट बोलता आलंच नाही. पोळ्याच्या आधी ते गेले.

दिवाळीनंतर हरदासचं नवं पुस्तक आलं, 'मागच्या दाराची कडी'. सासूचं मन रमावं म्हणून ज्योत्स्नानेच मागवलं होतं. बाईंनी ते खिडकीशी बसून वाचलं. खून होता, संशयित होते, सगळं नेहमीसारखं. पण हरदासची बायको, जी इतकी वर्षं प्रत्येक पुस्तकात त्याला नुसता चहा आणून द्यायची, ती या पुस्तकात आजारी होती. ते तिने लपवलं होतं. हरदासने खुनी पकडला त्याच आठवड्यात ती गेली.

ग्रुपवर मतं यायला लागली होती.

"खून झकास, घरचा भाग फुकट."

"बुटाच्या चिखलावरून गाव ओळखणाऱ्या माणसाला आपली बायको खंगलेली दिसत नाही? अजिबात पटलं नाही."

"लेखक थकले. आता थांबावं त्यांनी."

अमरावतीचे सदाशिवराव नेहमी सविस्तर लिहीत. त्यांनी पाचपैकी दोन गुण दिले आणि लिहिलं, "एका घरात राहून कळत नाही, हे शक्यच नाही. कळलं असणार, काणाडोळा केला असणार. लेखकाने ते प्रामाणिकपणे लिहायला हवं होतं."

बाईंनी मोबाइल पालथा ठेवला. दोन दिवस त्यांनी तो उघडला नाही. ग्रुपवर लोक विचारत होते, मावशी कुठे आहेत, मावशींचं मत काय. ज्योत्स्ना म्हणाली, "आई, नका लिहू काही. त्याइले का माहीत आपल्या घरचं."

"त्याइचं काही चुकलं नाई," बाई म्हणाल्या.

त्यांना संक्रांतीच्या आसपासची एक दुपार आठवत होती. प्रभाकररावांनी जांभई दिली तेव्हा गालाच्या आत पांढरं काहीतरी दिसलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "तोंडात काय झालं जी?" ते म्हणाले होते, "काई नाई, चुना लागला." आणि बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि ज्योत्स्नाला सांगून मत लिहवून घेतलं. घरचं त्यात काही नव्हतं. "हरदासला दिसलं होतं. सुरुवातीलाच तो बायकोला विचारतो, बरं नाही का? ती म्हणते, बरं आहे. संशयिताला तो दहा प्रश्न विचारतो, बायकोला एकच विचारतो, कारण तिचं उत्तर त्याला सोयीचं आहे. लेखकाने लपवलं नाही, सरळ लिहिलं आहे. मला पुस्तक पटलं. पुन्हा वाचणार नाही."

मग दोघा-तिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. सदाशिवराव म्हणाले, मुद्दा विचार करण्याजोगा आहे, तरी मधला भाग संथच आहे. गुण त्यांनी दोनच ठेवले. संध्याकाळपर्यंत ग्रुप दुसऱ्याच पुस्तकाबद्दल बोलू लागला होता.

त्याच दुपारी गिऱ्हाईक नसताना बाई जिना उतरून दुकानात गेल्या. अंकित गल्ल्यावर बसला होता, गाल फुगलेला.

"थुंकून ये," त्या म्हणाल्या. तो आला तशा म्हणाल्या, "आ कर."

"काऊन? बरं हाये मले."

"बरं हाये हे मी एकदा ऐकलं हाये. तोंड उघड."

तो चिडला, दुकानात कोणी येईल म्हणाला. बाई हलल्या नाहीत. शेवटी त्याने तोंड उघडलं. पण ते उघडेचना. दोन बोटं कशीबशी मावतील इतकंच उघडलं. आणखी उघड म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"झाले काही महिने. मले वाटलं, आपोआप बरं होईल."

"ज्योत्स्नाले सांगतलं?"

त्याने मान हलवली. नाही.

सावंगीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ नाही, पण आतली कातडी ताठत चालली आहे. खर्रा आजपासून बंद, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. सोडला नाही तर वडिलांचं झालं ते व्हायला वेळ लागणार नाही.

अंकितने सोडला, असं तो म्हणतो. बाई रोज जेवणाआधी त्याचं तोंड पाहतात. कधी वास येतो, कधी येत नाही. आला की त्या विचारतात, तो नाही म्हणतो, त्या पुन्हा विचारतात. मग ताटावरून तो उठून जातो आणि ज्योत्स्ना कुणाचीच बाजू घेत नाही. पूर्वी या घरात जेवताना गोष्ट चालायची. आता चौकशी चालते, आणि कोण खरं बोलतंय ते सुलोचनाबाईंना काही केल्या ओळखता येत नाही.