लू लागली तुले

"मम्मी, साँस नहीं आ रही," लेक म्हणाली आणि माझा हात आधी कांद्याच्या टोपलीकडे गेला. उद्या तिचा बारावीचा पेपर आहे.

कांदा ठेचला आणि त्या उग्र वासासरशी मी बालाघाटच्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पोचले. माझाही बारावीचाच पेपर होता. बोटं बधिर झाली होती, छाती धडधडत होती आणि आपण आता मरणार अशी माझी खात्री होती. खैरलांजीहून सोबत आलेल्या आईने मला कडुनिंबाखाली बसवलं. लू, म्हणजे उन्हाळ्यातली गरम झळ, बाधू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात; तिने पिशवीतला कांदा दगडाने फोडून माझ्या नाकाशी धरला.

"लू लागली तुले. हळूहळू वास घे."

"माय, पेपर सुरू होऊन राह्यला!"

"होऊ दे. पेपर पळून जाते का?"

डोळ्यांतून पाणी वाहिलं, मग श्वास खाली उतरला. उशिरा का होईना, मी आत गेले.

पॅनिक अटॅक हा शब्द आईला माहीत नव्हता. पण त्या सकाळी तिच्या अंगावर शाल होती. एवढ्या गारव्यात लू लागत नाही, हे तिला नक्कीच माहीत होतं.

मी कांदा लेकीच्या नाकाशी धरला. "लू लागली तुले."

"फरवरी में?"

"हौ. वास घे."