पुजलेलं पिस्तूल आणि पाचची बस

आमच्या घरात पिस्तुलाबद्दल जेवढं बोललं गेलंय ना, तेवढं कुणाच्या लग्नाबद्दल पण बोललं गेलं नसेल. खरंच! मी चौथी-पाचवीत असेन, नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा बाबांना लायसन मिळालं. शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं मशीन शॉप, पगाराच्या दिवशी कॅश घेऊन एकटेच यायचे, म्हणून. घेतलं ते देशी, सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोअरचं. आणि तेव्हापासून दर रविवारी राजारामपुरीतल्या आमच्या हॉलमध्ये कोर्ट भरायचं. बाबा, उचगावचे आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आणि शेजारचे सुभेदारकाका.

आतोबांकडं त्यांच्या वडिलांपासून आलेलं परदेशी पिस्तूल. ते म्हणायचे, "देशीची स्प्रिंग मऊ ओ. ऐन वेळी दगा देणार." बाबा म्हणायचे, "तुमच्या साहेबाला गोळ्या कुठं मिळत्यात? उपाशी साहेब काय कामाचा?" सुभेदारकाका सैन्यातनं रिटायर झालेले, त्यांच्याकडं रिव्हॉल्व्हर. त्यांचं एकच, "पिस्तूल म्हणजे नवा जावई. कधी रुसंल सांगता येत न्हाय." आणि बाबांचं ठरलेलं वाक्य, "माझं आजपतूर एकदाबी अडकलं न्हाय." अडकणार कसं? वर्षातनं कधीतरी रेंजवर जायचं, बाकी कपाटात झोपलेलं.

तर आता त्या दिवसाचं सांगते. कॉलेज संपून मला पुण्यात कॉल सेंटरला नोकरी लागलेली. पहिली नोकरी! ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू, तेही दसऱ्याच्या दिवशी, कारण त्यांचे ग्राहक परदेशातले, त्यांना कसला दसरा. आली नाहीस तर जागा दुसऱ्याला, असं फोनवर स्पष्ट सांगितलेलं. बाबा महिनाभर "बघू, बघू" करत होते. शेवटी आईनं परस्पर पाचच्या बसचं तिकीट काढून आणलं. माझी बॅग सकाळपासून हॉलमध्ये, मेन दाराला टेकवून ठेवलेली.

आणि त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. हॉलमध्ये घट बसलेले, त्यांच्यासमोर पाटावर बाबांच्या शॉपमधले नट आवळायचे पाने, मापं घ्यायचं व्हर्नियर, आईची कात्री, आणि मधोमध पिस्तूल. आमच्यात रिकामं शस्त्र पुजत नाहीत. का ते कुणाला माहीत नाही, पण नाहीत. म्हणजे भरलेलं. आईनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, मूठभर अक्षता वाहिल्या. एकदा पुजलं की दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही.

आतोबा आणि सुभेदारकाका जेवायला आमच्याकडंच होते. जेवणं झाली. मी आणि आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. बाहेर आतोबा म्हणाले, "दाव बघू तुझं. कुंकू लावून तरी चालतंय का बघू."

आई आतनं ओरडली, "आज हलवायचं न्हाय!"

बाबांनी उचललंच. मॅगझिन काढलं, आतली गोळी काढायला वरचा भाग मागं ओढला, आणि खट! निम्म्यात अडकला. गोळी आडवी. ना पुढं ना मागं. बाबांनी घाबरून ते होतं तसं पाटावर ठेवलं आणि मागं सरकले. नळीचं तोंड सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं.

"कुणी बाहेर यायचं न्हाय!" बाबा ओरडले. "भिंतीकडंला व्हा!"

झालं. मी आणि आई फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत. स्वयंपाकघराला दुसरं दार नाही, खिडकीला गज, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. घड्याळ मात्र समोर, अगदी डोळ्यांपुढं.

बाबांनी बंदुकांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मालक, माझीबी हत्यारं पुजल्यात. उद्या दुपारी या." मग शॉपमधल्या फिटरला. तो म्हणाला, "आज पान्याला हात लावत न्हाय मालक, तुमीच शिकवलंय." अख्ख्या कोल्हापुरात त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारा एक माणूस नव्हता! सगळ्यांची अवजारं फुलं घालून बसलेली.

आणि हॉलमध्ये काय चालू? कोर्ट!

"मी म्हणत हुतो, स्प्रिंग मऊ."

"स्प्रिंगचा काय संबंध? तुमची नजर लागली."

"रिव्हॉल्व्हरला ही भानगडच न्हाय की ओ."

मी फटीतनं ओरडले, "अहो बाबा, अक्षता अडकल्या असतील! मूठभर वाहिल्या आईनं!"

"तांदळानं कधी पिस्तूल अडकतंय व्हय?" तिघं एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत!

आई म्हणाली, "पाट तरी फिरवा की भिंतीकडं."

"हिसका बसला आणि उडाली म्हणजे?" बाबा म्हणाले.

"निम्म्यात अडकलंय, उडायची न्हाय," सुभेदारकाका म्हणाले. पण तेही सोफ्यामागनंच.

चार वाजून गेले. मला वाटायला लागलं, बाबांना हे बरंच वाटतंय. बस चुकली की विषय संपला. मी इथंच राहणार, राजारामपुरीत, ह्या फटीत. दर रविवारी चहा नेऊन देणार आणि स्प्रिंग मऊ की कडक ते ऐकणार. मी रडायलाच लागले.

आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा आवाज एकदम शांत झाला.

"इतकी वर्सं सांगताय, वस्तू एक नंबर हाय. भरवशाची हाय. मग येऊ द्या की पोरीला समोरनं."

मग पाट सरकल्याचा नाही, गुडघे वाजल्याचा आवाज आला. मी डोकावले. बाबा घटासमोर मांडी घालून बसलेले, पाठ पिस्तुलाकडं, अगदी नळीला लागून. तोंड आमच्याकडं. कपाळावर घाम.

"ये भाईर," ते म्हणाले. "माझ्याकडं बघत बसू नकोस. बस सुटंल."

मी त्यांच्या समोरनं गेले. पाया पडायला वाकणार तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, जा." बॅग उचलली, चपला हातातच घेतल्या आणि जिना उतरले. वरनं आतोबांचा आवाज, "तरी मी सांगतो, परदेशी असतं तर..." आणि बाबांचा, "गप बसा ओ दाजी."

बस मिळाली. अगदी सुटता सुटता मिळाली.

पुढचं आईनं नंतर फोनवर सांगितलं. मी गेल्यावर ती पण बाहेर आली, सोफ्यामागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठा आता, पोरगी गेली." बाबा उठेनात. आतोबांनी हात धरला, तरी उठेनात.

"पाच वाजू देत," म्हणाले. "बस सुटू दे. आत्ता उठलो तर तिला माघारी आणायला स्टँडवर जाईन."