तपकिरी ट्राऊट आणि दोन तांडेल

पप्पा माझ्याकडे दोन महिन्यांसाठी आला आणि दीड वर्षाहून जास्त राहिला. मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून ती मागे वसईजवळच्या नायगावला मावशीजवळ थांबली होती. परतीच्या तिकिटाला आठवडा उरला आणि विमानंच बंद झाली.

मी तेव्हा जिंडाबाईनला होते. बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका मोठ्या धरणतळ्याच्या काठावरचं हे गाव. सिडनीत शिकले, ऑस्ट्रेलियाची परमनंट रेसिडेन्सी मिळाली आणि शहरात मनासारखी नोकरी मिळेना म्हणून इथल्या केमिस्टकडे फार्मासिस्ट म्हणून आले. वर्षभरात परत जाऊ म्हणत पाच वर्षं गेली होती. कोरोना आला तेव्हा दुकानात जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटल्या, सॅनिटायझर संपला, माणसं पॅनाडॉलच्या, म्हणजे तापाच्या गोळ्यांसाठी रांगा लावू लागली. मी सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची आणि पप्पा दिवसभर खिडकीत बसून तळ्याकडे बघायचा.

त्याचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलेलं. नायगावच्या आमच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात त्याची स्वतःची बोट होती, बोटीवर खलाशी होते आणि तो त्यांचा तांडेल. पासष्टी उलटल्यावर त्याने बोट विकली, पण पहाटे चारला उठायची सवय काही गेली नाही. इथेही तो चारला उठून स्वेटरवर स्वेटर घालून काळ्या चहाचा कप घेऊन बसायचा.

"एवढं पाणी," तो एकदा म्हणाला, "आणि एकसुद्धा जाळं नाही?"

"इथे जाळं टाकायला बंदी आहे, पप्पा. गळाने धरतात. तेही लायसन्स काढून."

"गळाने? एकेक मासा?" तो मनापासून हसला. महिनाभरात पहिल्यांदाच.

शेजारी एक म्हातारा एकटाच राहायचा. उंच, वाकलेला, गुलाबी चेहऱ्याचा. त्याच्या बायकोला विस्मरणाचा आजार होता आणि वर्षभरापूर्वी त्याने तिला पाऊण तासावरच्या गावातल्या, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. पूर्वी तो रोज जायचा. आता भेटी बंद झाल्या होत्या. आठवड्यातून एकदा काचेबाहेर उभं राहून बघायची तेवढी परवानगी. त्याच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमची एक छोटी होडी ट्रेलरवर पडून होती. एके दिवशी शेडचं दार उघडं दिसलं आणि पप्पा कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने मान हलवली. पप्पाने होडीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी. बोट. फॉर्टी इयर."

"स्किपर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तांडेल," पप्पा म्हणाला.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांना तांडेलच म्हणायला लागले. म्हाताऱ्याच्या तोंडी त्याचं 'टॅन्डल' व्हायचं.

तेव्हा नियम असा होता की घराबाहेर दोघांहून जास्त एकत्र यायचं नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे ते दोघंच जायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे हातभर नव्हे चांगलं दीड मीटर अंतर. सुट्टीच्या दिवशी मी काठावर थर्मास घेऊन बसायची. एरवी शनिवार-रविवारी सिडनीच्या बोटींनी भरून जाणारं ते तळं त्या एप्रिलमध्ये आमचंच होतं. पाणी इतकं नितळ की काठाजवळचे दगड मोजून घ्यावेत.

म्हातारा ज्या माशाच्या मागे होता तो ब्राऊन ट्राऊट. तपकिरी-सोनेरी अंगाचा, काळ्या-लाल ठिपक्यांचा. पूर्वी कधीतरी गोऱ्यांनी स्वतःच्या देशातून आणून इथे सोडलेला. लहान असतो तोवर सहज मिळतो, पण मोठा झाला की महाधूर्त. इथल्या पानगळीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, अंडी घालायला नदीत चढण्याआधी हे मोठे मासे नदीच्या मुखाजवळ उथळ पाण्यात येतात, पहाटे काठाकाठाने फिरतात. तेवढे काही आठवडेच ते हाताला लागण्याची आशा. म्हातारा त्यासाठी होडी अगदी हळू चालवायचा आणि मागे साठ मीटर दोरी सोडून खोटा मासा ओढत न्यायचा. याला ट्रोलिंग म्हणतात.

खोट्या माशांची पप्पाला फार गंमत वाटली. म्हाताऱ्याकडे लाकडी पेटी होती आणि तिच्या खणाखणांत ते मांडलेले. काही प्लास्टिकचे, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरट, गुलाबी, हिरवे, केशरी. काही लाकडाचे, हनुवटीला काचेसारखी पारदर्शक जीभ असलेले. ओढलं की त्या जिभेवर पाण्याचा दाब येऊन ते खाली जातात आणि डुलतात. उन्हाळ्यात मासा खोल जातो, तेव्हासाठी पोटात शिशाची तार असलेली जड दोरी वेगळी गुंडाळून ठेवलेली. म्हाताऱ्याचा नियम सोपा होता. ऊन असेल तर झगझगीत रंग, ढग असतील तर काळपट. तो आभाळाकडे बघायचा आणि आमिष निवडायचा.

"खेळणी," पप्पा मला म्हणाला. "बाय, आभाळ बघून मासा कोण धरतो? माशाला विचार ना."

माशाला विचारायची त्याची रीत मला दुसऱ्याच आठवड्यात कळली. त्यांना एक मध्यम ट्राऊट मिळाला. म्हाताऱ्याने तो काठावर साफ करायला घेतला, तेव्हा पप्पाने त्याचा हात धरला. मग स्वतः सुरी घेऊन पोटातली पिशवी अलगद चिरली आणि आतलं सगळं एका चपट्या दगडावर पसरलं. यॅबी म्हणतात त्या गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या नांग्या, कवचाचे तुकडे आणि बोटाएवढे तीन मासे. मातकट, पोटाशी किंचित पिवळे.

"विचार त्याला," पप्पा मला म्हणाला, "ह्या रंगाचं त्याच्याकडे काय आहे?"

मी विचारलं. म्हाताऱ्याने पेटी पुढे केली. पप्पाने गुलाबी, हिरवं सगळं बाजूला सारलं आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी मासा काढला. हाताने रंगवलेला. पाठ मातीच्या रंगाची, पोट पिवळसर, त्यावर लाल रेघ. दातांनी ओरखडलेला.

म्हाताऱ्याने तो त्याच्या हातून काढून घेतला. "हा नाही."

पप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हाताऱ्याकडे. तो लाकडी माशावरून अंगठा फिरवत म्हणाला, "माझ्या बायकोने कोरलाय. रंगवलाय पण तिनेच. होडी ती चालवायची, मी मागे रॉड धरायचो. तळाशी बुडालेली झाडं आहेत ना, अडकला तर गेला. दुसरा कोण करून देणार?"

मी ते पप्पाला सांगितलं. मला वाटलं तो विषय सोडेल. पण तो म्हणाला, "त्याला सांग, तिने पेटीत ठेवायला नाही केला. आणि सांग, मी होडी चालवीन. झाडात जाऊ देणार नाही."

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, मासा फडक्यात गुंडाळून पुन्हा ठेवला आणि पेटी बंद केली. त्यानंतर चार दिवस तो पाण्यावर गेला नाही. मला फार वाईट वाटलं. पप्पावर रागावलेही मी. "सगळीकडे आपलं खरं करायला पाहिजे का?" त्या चार दिवसांत त्याने म्हाताऱ्याच्या कुंपणाच्या तीन सैल फळ्या ठोकून दिल्या.

मे महिन्यात नियम सैल झाले. म्हाताऱ्याने एका सकाळी दार वाजवलं आणि म्हणाला, आता तिघंही जाऊ शकतो. त्याच्या कोटाच्या खिशात ते फडकं होतं.

होडीतल्या बसायच्या फळ्यांवर पांढरं दंव जमलं होतं. मी मधे बसले, मास्क लावून, मांडीवर मासा उचलायची दांड्याची जाळी. म्हातारा मागे दोन रॉड घेऊन, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडे नेहमीचा सोनेरी-काळा आणि उजवीकडे तिचा. पप्पाच्या हातात छोटी इलेक्ट्रिक मोटर, तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. धुकं पाण्यावर तरंगत होतं आणि लांब कुठेतरी काकाकुवांचा कलकलाट चालू होता.

दोनदा नदीच्या मुखासमोरून सरळ गेलो, काही नाही. मग पप्पा होडी वळवायला लागला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, साप जातो तशी.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"एप्रिलमध्ये आम्हाला दोन मासे मिळाले ना, दोन्ही वळणावर मिळाले. आणि दोन्ही आतल्या दोरीला. वळताना बाहेरची दोरी पळते, आतली ढिली पडते. आमिष मंदावतं, जरा खाली बसतं. मोठा मासा आता म्हातारा झालाय बाय, तो कशाला धावेल? त्याला दमलेला मासाच पाहिजे."

मग त्याने मोटर आणखी हळू केली. "स्लो, तांडेल, स्लो," असं स्वतःशीच म्हणत त्याने होडी उजवीकडे लांब वळवली. तिचा मासा आता आतल्या बाजूला होता. वळण निम्मं झालं आणि उजवा रॉड असा वाकला की म्हातारा बसल्या जागेवरून घसरलाच.

पुढची पंधरा मिनिटं कोणी धड वाक्य बोललं नाही. मासा आधी काठाकडे पळाला, तिथे बुडालेल्या झाडांची काळी टोकं पाण्याबाहेर आली होती. म्हातारा ओरडला, "ट्रीज! ट्रीज!" पप्पाने तो शब्द ऐकायच्या आधीच होडी खोल पाण्याकडे फिरवली होती. मासा मागे ओढला गेला, पुन्हा पळाला, पुन्हा आला. म्हाताऱ्याने रॉड पोटाशी दाबून धरला. मी म्हटलं, मी धरू का? त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी पाण्याखाली एक रुंद पिवळी चमक दिसली आणि मी जाळी घातली. मला ती एका हाताने उचलेना. पप्पाने मोटर सोडून माझ्या हाताखाली हात घातला.

कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर चांगली वीतभर, एवढा तो होता. खालचा जबडा वर वळलेला. लाकडी माशाचे दोन्ही गळ त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात अडकले होते. म्हाताऱ्याने आधी आमिष सोडवून फडक्यात ठेवलं आणि मग माशाकडे पाहिलं.

"एवढे मोठे मी परत सोडतो," तो म्हणाला. आणि मग, "पण तिला दाखवावा का?"

मी पप्पाला सांगितलं. पप्पा म्हणाला, "दाखव. जरूर दाखव."

ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही तो माझ्या गाडीतून नेला. नर्सिंग होमची वेळ बुधवारची होती आणि वार होता शनिवार, पण नर्सने खिडकीतून मासा पाहिला आणि ती लगेच आत वळली. थोड्या वेळाने तिने व्हीलचेअर काचेशी आणली. लहानखुरी बाई, केस नीट विंचरलेले, निळा कार्डिगन. नर्सने फोन लावून तिच्या कानाशी धरला. बाहेर म्हाताऱ्याने आपला फोन स्पीकरवर टाकला.

तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. माशाकडे पाहिलं. "ब्राऊन," ती म्हणाली. "मादी नाही, नर आहे. कशावर घेतला?"

म्हाताऱ्याने लाकडी मासा काचेला टेकवला.

तिने डोळे बारीक केले. "पोटावर लाल जास्त झालाय."

"तरी चालला," तो म्हणाला.

"वळणावर हळू घेतलं असेल. माझा नवरा कधी मोटर धरतो तेव्हा मी हजारदा सांगते, वळणावर हळू कर. ऐकेल तर शपथ."

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात, पण ती एखाद्या परक्या माणसाशी बोलतेय हे आवाजावरून कळत होतं. म्हाताऱ्याने हातातला मासा सावरून धरला. मग म्हणाला, "सांगेन मी त्याला."

"सांगा," ती म्हणाली आणि छान हसली.

परतताना पप्पाने मागच्या सीटवरून विचारलं, "काय म्हणाली ती?" मी मराठीत सगळं सांगितलं. मम्मीला तो रोज दुपारी फोन करायचा, जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच. त्या दुपारी तो तिच्याशी तासभर बोलला. मासा किती मोठा, जबडा कसा, आत किती झिंगे निघाले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेवटी मम्मी वैतागून म्हणाली, "माशाचं पुरे झालं. तू कधी येतोस ते सांग."

अर्धा मासा म्हाताऱ्याने लाकडाच्या भुशावर धुरी देऊन ठेवला. उरलेल्याचं पप्पाने चिंच आणि माझ्याकडचा, वसईकडे घरोघरी करतात तो बाटली मसाला घालून कालवण केलं. गोड्या पाण्याच्या माशाला चवच नसते, अशी तक्रार त्याने शिजवतानाच चारदा केली. म्हातारा आमच्या अंगणात लांब वेगळ्या टेबलावर बसून भाताबरोबर ते जेवला. त्याचा चेहरा आणखी गुलाबी झाला, नाक गळायला लागलं. जास्त तिखट झालं का, विचारलं तर "नो वरीज" म्हणाला आणि आणखी वाढून घेतलं.

त्याची बायको त्याच थंडीत गेली. कोरोनाने नाही, झोपेत. चर्चमध्ये मोजकीच माणसं जाऊ शकत होती, आम्ही त्यात नव्हतो. आम्ही बाहेर गाडीत बसलो, खिडक्या उघड्या ठेवून, आणि आतली भजनं ऐकली. पप्पाने मराठीत पूर्ण रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली. बर्फ भुरभुरत होतं. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याने पप्पाचा हात हातात घेतला. तेव्हा कोणी कोणाला हात लावत नव्हतं.

पप्पाला विमान मिळालं ते पुढच्या वर्षाच्या अखेरीस. मधली दुसरी लाट मम्मीने पप्पाशिवाय काढली, ती गोष्ट वेगळी आणि ती सांगायचा हक्क तिचा. राज्यांच्या सीमा उघडल्यावर म्हाताराही क्वीन्सलँडला मुलाकडे गेला. जाताना होडी आम्हाला देऊन गेला. मी ती दोन वर्षं वापरली आणि सिडनीतल्या कॅसल हिलला राहायला आल्यावर गावातल्या एका तरुण जोडप्याला दिली. इथे मेट्रो आहे, कामं बरी आहेत, आठवड्याला मराठी माणसं भेटतात. पहाटे चारला मात्र माझेही डोळे उघडतात.

तेव्हा बहुधा ऑक्टोबरमधली एक सकाळ आठवते, म्हाताऱ्याची बायको गेल्यानंतरची. मासा लागत नव्हता. कोवळं ऊन पडलं होतं. म्हातारा टोपी नाकावर ओढून झोपला, थोड्या वेळाने पप्पाही. मोटरची मूठ माझ्या हातात आली. मी दोन्ही दोऱ्या तशाच मागे सोडून, त्या दोघांची झोप मोडणार नाही इतक्या हळू, तळ्याला एक मोठा फेरा घातला. दोघंही घोरत होते. मला कुठे पोचायचं नव्हतं.