खिशात गूळ बाळगणारा संशोधक

लोकांनी आपल्यावर रुसावं म्हणून भर उन्हात सायकल हाणत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच वर्गात होता. पुण्याला आम्ही दोघं बरोबरच राज्यशास्त्रात एम. ए. झालो. मी चिंचवडच्या शाळेत मास्तर म्हणून चिकटलो. तो कुठेच चिकटला नाही. डोक्यावर सोला हॅट, बाहीचं बटण तुटलेला शर्ट आणि खिशात शिंप्याची फीत, अशा थाटात तो गावोगाव हिंडायचा. फीत कशाला, तर गावच्या सभेत बायका पुरुषांपासून किती लांब बसतात ते मोजायला! फितीचं एक टोक पाटलाच्या हातात द्यायचा आणि दुसरं घेऊन खुशाल बायकांच्या दिशेने चालू लागायचा. त्याने मार कसा खाल्ला नाही, देव जाणे. पाटील बापडा टोक धरून उभा राहायचा. मी असतो तर पहिल्याच सभेत बदडून निघालो असतो. त्याला मात्र सगळं खपून जायचं, आणि माझं मूळ दुखणं तेच होतं.

मोर्चा निघाला की हा कायम शेवटच्या रांगेत. "पुढचे घोषणा देतात रे, मागचे खरं बोलतात," असं त्याचं म्हणणं. मोर्चा कुणाचा, मागणी कसली, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. एकदा सकाळी एका बाजूच्या मोर्चात चालला, दुपारी त्यांच्या विरोधकांच्या, आणि दोन्हीकडच्यांनी त्याला चहा पाजला. रेशनच्या रांगेत ताटकळत उभा राहायचा आणि खिडकी आली की पुन्हा सगळ्यांच्या मागे जायचा. का, तर मध्ये घुसणाऱ्याला लोक कोणत्या शब्दांत हटकतात ते ऐकायचं असे. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाआड बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने माझ्यादेखत विचारलं, "बाबा, तुम्ही नागरिक कधी झालात?" म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता पुष्कळ विचार केला आणि सांगितलं, "आमी न्हाई बा. आमी कांदेवाले हाय. नागरिक पल्याडच्या आळीला बगा." मी पोट धरून हसलो. हा मात्र हसला नाही, नुसती मान डोलवत राहिला. त्या उत्तरात त्याला काहीतरी सापडलं होतं आणि मला फक्त विनोद सापडला होता. परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी धड बोललोसुद्धा नाही.

अशात पुण्याच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली डॉक्टरेटची जागा निघाली. विषय होता लोकांचा निषेध, नागरिकत्व आणि समाजाच्या रीतीभाती. जागा एकच, आणि ती माझीच असं मी धरून चाललो होतो. परीक्षेत गुण माझे जास्त, जाडजाड ग्रंथ मी वाचलेले, वह्या भरभरून टाचणं मी काढलेली. त्या जागेसाठी मी देवाला नवसदेखील बोललो होतो. पोरांच्या पाढ्यांतून सुटायची ती एकच वाट मला दिसत होती. यालाही अर्ज कर म्हणून कुणीतरी सुचवलं. त्याने शेवटच्या दिवशी, पेन्सिलीने अर्ज केला.

मुलाखतीच्या आधी तो चिखलीला गेला होता. चिखली हे माझं गाव. तिथे काय घडलं ते मला मागाहून माझ्या चुलतीने सांगितलं. त्या दिवसांत पिंपरीकडे कारखान्यांची चाहूल लागली होती आणि जमिनीची मोजणी होणार म्हणून गाव बिथरलेलं होतं. मोजणीदार आला तर त्याला कुणी गूळपाणी द्यायचं नाही, असं चावडीत ठरलं होतं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्या. तो दिला नाही म्हणजे अख्खं घर तुमच्यावर रुसलंय, असं समजायचं. शिव्या नाहीत, दगडफेक नाही. आणि नेमका त्याच मुहूर्तावर सोला हॅट घातलेला हा इसम वेशीतून आत आला आणि पारावर बसण्याआधी त्याने खिशातून फीत काढून पार मोजला!

मग काय विचारता! गाव आंधळं, बहिरं, मुकं झालं. हा राम राम म्हणाला की माणसं आभाळाकडे बघून एकमेकांना विचारायची, "वारा पडलाय न्हवं?" वाण्याने त्याला बघून दुकानाची फळी ओढून घेतली. दुपार झाली, घसा कोरडा पडला, पण गडी पारावर बसून आनंदाने नुसता फुलत होता. शेवटी उन्हं कलल्यावर माझी चुलतीच म्हणाली, "का रं मोजणीदारा, मोजायचं न्हाई तर बसलायस कशाला?"

"मावशी, मी मोजणीदार नाही. गाव रुसलं की काय करतं, ते बघायला आलोय."

"मंग बगितलंस का?"

"बघितलं. आता रुसवा काढायचा कसा, तेवढं सांगा."

चुलतीने रीत सांगितली. ज्याच्यावर रुसवा, त्यानेच गूळ आणायचा आणि थोरल्याच्या हातावर ठेवायचा. थोरल्याने तोंडात टाकला की मिटलं. वाण्याची फळी बंद म्हणून हा सायकलवरून शेजारच्या तळवड्याला गेला, गूळ घेऊन आला आणि चुलतीच्या तळहातावर ठेवला. तिने तो तोंडात टाकला. "व्हय, आता पी पानी," ती म्हणाली. तेव्हापासून याच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा, आणि त्यामुळे अंगावर कायम मुंग्या.

मुलाखतीत आधी मला बोलावलं. निषेध म्हणजे काय यावर मी परदेशी पंडितांची मतं धबाधबा सांगितली. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गावात निषेध कसा करतात?" मी म्हणालो, "तसलं काही नसतं हो आमच्याकडे. साधी माणसं आहेत." माझ्यानंतर तो आत गेला. बराच वेळ आतून हसण्याचे आवाज येत होते. बाहेर आल्यावर त्याने माझे खांदे धरले. "अरे, तुझ्या गावाने काय सुंदर अपमान केला माझा! आतापर्यंत तेच सांगत होतो."

जागा त्याला मिळाली. मी जळलो, अगदी उभा जळलो. माझं गाव, माझी चुलती, माझ्या घरचा गूळ, आणि डॉक्टर होणार हा! निकालानंतर तो चिंचवडला माझ्या घरी आला. मी ओटीवर वह्या तपासत होतो. त्याला ये म्हणालो नाही, बस म्हणालो नाही. बायको तांब्या भरायला उठली, तिला मी डोळ्यांनीच दटावलं.

तो उंबऱ्याशी उभा राहिला. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ही भाषा तो माझ्याच गावात शिकला होता. एरवी असलं काही घडलं की हा लहान पोरासारखा खूश व्हायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा पडला. त्याने खिशात हात घातला, गुळाचा खडा काढला, मुंग्या फुंकरीने उडवल्या आणि माझ्या हातावर ठेवला. "वर्षाने थोरला आहेस तू," एवढंच म्हणाला. मी तो तोंडात टाकला. एक मुंगी राहिली होती, ती जिभेला चावली. मग बायकोने पाणी आणलं.

पुढे तो डॉक्टर झाला, पार विलायतेला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा प्रबंध छापून आला तेव्हा मी तो जळत जळतच वाचून काढला. त्यात चिखलीचा पार आहे, चुलती आहे, वाण्याची फळी आहे, चाकणचा कांदेवाला आहे. कुणी कधी त्याच्याकडे पाठ फिरवली असेल तर तीही आहे. फक्त माझी ओटी नाही. पुन्हा पहिल्यापासून शोधलं, नाहीच. इतकं आयतं उदाहरण हातचं सोडणं मला काही जमलं नसतं. म्हणून अजूनही त्याचा हेवा वाटतो, आणि दारात सायकल थांबल्यासारखी वाटली की मी गुळाचा डबा कुठे आहे ते बघतो.