सरळ झाडांचा उतार

सिल्वो मेझनारच्या हातात दोन कागद होते आणि दोन्ही खरे वाटत होते.

एक राजधानी ल्युब्लियानाहून आलेला. विमानातून जमीन मोजून यंत्राने रंगवलेला दरडींचा नकाशा. त्यात रेबर नावाचा उतार लालभडक, म्हणजे दरडीच्या धोक्याचा. दुसरा सिल्वोने पायी हिंडून पेन्सिलीने भरलेला. त्यात रेबर हिरवा. शुक्रवारपर्यंत एक रंग कायम करून सही करायची होती. हिरवा म्हणजे किड्यांनी वाळवलेली स्प्रूसची झाडं सरसकट तोडून ट्रॅक्टरने ओढत खाली न्यायची. लाल म्हणजे ट्रॅक्टरला बंदी. बुंधे कमरेइतके उंच ठेवायचे, काही खोडं उतारावर आडवी पाडून तशीच राहू द्यायची आणि त्यांच्या आडोशाला बीच, मेपलची रोपं लावायची. रेबरच्या पायथ्याला एकच घर होतं. म्हातारी रोझालिया तिथे एकटी राहायची.

एकतीस वर्षं सिल्वो या खोऱ्याचं जंगल सांभाळत होता. जमिनीच्या मालकाला सोबत घेऊन तोडायचं झाड निवडायचं, सालीचा तुकडा तासायचा, तिथे शिक्क्याची हातोडी हाणायची. त्याला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, बुंधे आठवतात, असं त्याची बायकोच सांगायची. जमीन सरकू लागली की झाड कलतं, मग उजेडासाठी पुन्हा वर वळतं आणि बुंध्याला कोयत्यासारखा बाक राहून जातो, हे तो कामावर लागला त्या वर्षीच शिकला होता. रेबरवर असा एकही बाक नव्हता. झाडं मेणबत्त्यांसारखी उभी. मग यंत्राला लाल कुठे दिसलं?

बुधवारी तो तिसऱ्यांदा चढून उतरला तेव्हा रोझालिया अंगणात फरसबी सोलत होती.

"काय हरवलंय रे तुझं? सकाळपासून मान खाली घालून फिरतोयस."

"वाकडी झाडं शोधतोय, मावशी."

"आत्ता?" ती हसली. "फ्लोर्यान असता तर तुझी कीव येऊन अर्ध्या वाटेतच बसवून घोटभर दारू दिली असती. तो वाकडं झाड मागे ठेवील होय?"

फ्लोर्यान तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेलेला. गवत आणि लाकूड बर्फावरून घसरत उतरवायच्या, त्याने बनवलेल्या बर्फगाड्या खोऱ्यात घरोघरी होत्या. रोझालियाने गोठ्यामागचं दार ढकललं. आत भिंतीला टेकून गाड्यांच्या खालच्या पट्ट्या रचलेल्या होत्या, सगळ्यांची टोकं एकाच वळणाची.

"वाफेवर वाकवलेली पट्टी त्याला चालायची नाही," ती म्हणाली. "मातीनं वाकवलेलंच टिकतं म्हणायचा."

"मातीनं?"

"असं म्हणायचा खरा. मी काय मातीला विचारायला गेले होते?"

"आणि आणायचा कुठून?"

"वरून, रेबरवरून. दर शरदात दोनतीन. अरे, तूच यायचास ना हातोडी घेऊन! वाकडं काढलं की सरळ्याला जागा होते, असं वर त्यालाच शिकवायचास."

सिल्वो तिथल्या ओंडक्यावर बसला. शिकवायचा खरा. सगळीकडेच शिकवायचा. जमिनीने दिलेली प्रत्येक खूण त्याने स्वतः शिक्का मारून पाडायला दिली होती, आणि त्याच जागी उभं राहून, खूण दिसत नाही म्हणून, कागद हिरवा केला होता. पण मग असंही होतं की झाडं बर्फाच्या भारानेही वाकतात. त्या पट्ट्या मातीने वाकवलेल्या होत्या की बर्फाने? बोटांनी चाचपून पाहिलं. लाकूड काही सांगेना.

"घर जाणार का माझं?" रोझालियाने विचारलं.

"माहीत नाही, मावशी."

"एकतीस वर्षं चढतोस-उतरतोस आणि माहीत नाही?"

"एकतीस वर्षं चढतोय म्हणूनच माहीत नाही."

"हे तर आमच्या पाद्रीबुवांसारखं झालं." तिने फरसबीची टोपली काखेत घेतली. "लाल कर. त्या ट्रॅक्टरच्या भरवशावर मला झोप यायची नाही."

त्याने तिच्याच ओट्यावर बसून रेबर लाल केला. तरी मन हलकं झालं नाही. याआधी त्याने अकरा उतार हिरवे करून पाठवले होते. अकराही सरळ झाडांचे.

गुरुवारी त्याने कार्यालयात फोन करून ते अकरा कागद परत मागितले.

"काय चुकलंय त्यात?" पलीकडून विचारणा झाली.

"सांगता येत नाही."

"मग परत कशाला?"

"सांगता येत नाही म्हणूनच."

कागद सोमवारी आले. त्यातल्या पहिल्या उताराखालच्या घराचं दार त्याने वाजवलं. घरचा मालक टोनेक बाहेर आला, तोंडात घास होता.

"तुमच्याकडे जुनी बर्फगाडी होती ना? तिची लाकडं कुठली?"

"गाडी? ती केव्हाच चुलीत गेली. आता प्लास्टिकची आहे, दुकानातली. का, हवीय?"

"नको. लाकडं कुठून आणली होती?"

"आजोबांनी आणली होती. कुठून, ते त्यांनाच ठाऊक." टोनेकने घास गिळला. "जेवतोस?"

"नंतर," सिल्वो म्हणाला. वर उतार उभा होता, झाडं सरळच्या सरळ. त्याने कागदावरचा हिरवा रंग रबराने खोडला आणि ती जागा कोरी ठेवून टोनेककडे कुदळ मागितली. बुंधे काही बोलत नसतील तर निदान माती उकरून ती कधी सरकली होती का, ते तरी बघता येईल.