गावातला पहिला गुन्हा

पालघर जिल्हा नवा झाला त्याच वर्षी तुळशी पोलीस पाटील झाली. सायवनच्या पुढे, डोंगराच्या अंगाला तिचं गाव. भात आणि नागली पिकवायची, पीक निघालं की डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत नाहीतर वीटभट्टीवर मजुरीला जायचं, असा सगळ्यांचा रिवाज. तुळशी दहावी पास होती. नवरा वारून तीन-चार वर्षं झाली होती. पोलीस पाटलाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा दीर मुकेश म्हणाला, "वयनी, तूच भर अर्ज. सही करायची नि महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन यायचं. आपल्या गावात होतंय काय एवढं?"

तेही खरंच होतं. महिन्याच्या बैठकीत आजूबाजूच्या गावांचे पाटील उभे राहून सांगायचे. कुणाच्या गावात मोटारसायकल चोरीला गेलेली असायची, कुणाकडे बांधावरून डोकी फुटलेली असायची, तलासरीच्या बाजूला दमणची दारू घेऊन येणारी गाडी सापडलेली असायची. तुळशीची पाळी आली की ती उभी राहून म्हणायची, "शांतता आहे, साहेब." साहेब खूश व्हायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंचं गाव बघा. एक गुन्हा नाही." त्या दिवशी परतताना तिने सायवनच्या बाजारातून गोडी शेव घेतली आणि मुकेशच्या पोरांना वाटली.

गावात भांडणं नव्हती असं नाही. ती चिंचेखाली मिटायची. मुकेश तंटामुक्तीचा अध्यक्ष होता, आणि त्याला समजूत घालायची हातोटी होती. दोघांना समोर बसवायचा, दोघांना थोडं थोडं बोलायचा, शेवटी गावदेवाला नारळ. कोंबडी चोरणाऱ्याने कोंबडी द्यायची, शिवी देणाऱ्याने हात जोडायचे. तुळशी बाजूला बसून असायची. तिलाही ते बरं वाटायचं. ठाण्यापर्यंत जाण्यात दिवस मोडतो, माणसं कायमची तुटतात, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली.

बारकीचंही दोनदा असंच चिंचेखाली मिटलं होतं.

बारकी म्हणजे शेजारच्या बाळ्याची बायको. अंगाने बारीक, बोलायला फटकळ, हसली की सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी. बाळ्या तिला मारायचा. रोज नाही, दारूच्या पायी म्हणावं तर तेही नाही. काय झालं की त्याचं डोकं फिरेल ते त्यालाही सांगता येत नसे. एरवी तो गावात सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस होता. कुणाचं छप्पर शाकारायचं असो की विहिरीत पडलेली बादली काढायची असो, बाळ्या हजर. तुळशीचा नवरा तापाने फणफणला होता, ओढ्याला पाणी होतं, गाडी पलीकडे थांबलेली. तेव्हा बाळ्यानेच त्याला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं होतं. नवरा जगला नाही, पण बाळ्याने नेलं होतं हे तुळशी विसरली नव्हती.

पहिल्या वेळी बाळ्याने हात जोडले. दुसऱ्या वेळी नारळ फोडला. दोन्ही वेळा बारकी मान खाली घालून घरी गेली.

तिसऱ्या वेळी, २०१७ सालच्या शिमग्याच्या आधी, ती सकाळीच तुळशीच्या अंगणात येऊन बसली. डावा हात उजव्या हाताने धरलेला. कोपराच्या खाली हात असा वळला होता की तुळशीने आधी नजरच काढून घेतली. एक डोळा सुजून मिटला होता.

"पाणी दे," बारकी म्हणाली.

तुळशीने पाणी दिलं. तांब्या तिच्या तोंडाला लावून धरावा लागला.

तोवर मुकेश आला. मागून दोन-चार बाया, बारकीची सासू. सासू म्हणाली, "बांधावरून पडली. मी बघितली ना."

मुकेशने तुळशीला घरात बोलावलं. "वयनी, हिला दवाखान्यात नेऊ. मी गाडी सांगतो. पण ठाण्यात नको. पुढच्या महिन्यात तंटामुक्तीच्या तपासणीला माणसं यायचीत. एवढी वर्षं गाव स्वच्छ ठेवलंय आपण. आणि बाळ्याने दादाला नेलेला, आठवतं ना?"

"आठवतं."

"मग?"

तुळशी बाहेर येऊन बारकीसमोर उकिडवी बसली. "बारके, तू पडलीस का?"

बारकीने सासूकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाय," ती म्हणाली. "त्याने लाकडाने मारला."

सरकारी दवाखान्यात हात बांधला. तिथून तुळशी तिला घेऊन ठाण्यात गेली. जमादार ओळखीचे होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "पाटीलबाई, तुम्ही? तुमच्या गावचं कधी काही नसतं."

"आता आहे," तुळशी म्हणाली. चिंचेखालच्या दोन बैठकांचंही तिने सांगितलं. जमादारांनी लिहिता लिहिता मान वर केली, "तेव्हा का नाही आलात?"

संध्याकाळी जीप गावात आली. बाळ्या कुंपणाला काटे लावत होता. पळाला नाही. हात पुसून जीपमध्ये बसला. तुळशी तिथेच उभी होती, तिचं कामच होतं ते. तिच्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "वयनी, दादाला मी पाठीवर नेलेला."

जीप गेली. माणसं आपापल्या घरी गेली. अंगणात तुळशी एकटी उरली.

तिला कुणी वाळीत टाकलं नाही. तशी बैठक झाली नाही, कुणी तसं तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने तेही ठाण्यात सांगितलं असतं, आणि हे सगळ्यांना कळत होतं. फक्त ती बोअरिंगवर हंडा घेऊन गेली की बायांचं बोलणं थांबायचं. तिचा हंडा भरेपर्यंत सगळ्या हातपंपाकडे बघत राहायच्या. ती वळली की मागून बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. पाड्यात लग्न निघालं, हळदीला सगळ्यांच्या घरी सांगावा गेला, तिच्या घरावरून सांगावा घेऊन जाणारी बाई पुढे निघून गेली. तुळशी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मुकेश पंधरवड्यात जामिनावर सुटलेल्या बाळ्याला आणायला स्वतः गेला होता. तो तुळशीशी बोलायचा, पण कामापुरतं. "वयनी, रेशन आलंय." "वयनी, बैल तिकडे गेलाय." त्याची पोरं आधी तिच्याकडे जेवायला असायची. आता हाक मारली तरी कुंपणापाशीच थांबायची.

आणि बारकी? ती दोन महिने कैनाडला भावाकडे राहिली. मग एक दिवस हाताचं प्लॅस्टर काढून, डोक्यावर गाठोडं घेऊन परत आली आणि सरळ बाळ्याच्या घरात गेली. तुळशीने तिला कुंपणाजवळून जाताना पाहिलं, हाकही मारली. बारकी थांबली नाही.

पावसाळ्यात जास्त कळलं. भाताची लावणी एकट्याने होत नाही. आज हिच्या शेतात सगळ्यांनी वाकायचं, उद्या तिच्या. तुळशी सकाळी उठून बघायची, आज कुणाकडे आहे. सगळ्या बाया रांगेने शेतात वाकलेल्या, हसण्याचे आवाज. ती जाऊन बांधावर उभी राहिली तेव्हा एक म्हातारी नरमाईने म्हणाली, "बाय, आज माणसं पुरेत." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतातही पुरेच होती. मग तिने एकटीनेच लावणी सुरू केली. रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, डोक्यावरून न्यायच्या, चिखलात वाकायचं. बोलायला कुणी नाही म्हणून ती स्वतःशीच बोलू लागली. ते ध्यानात आल्यावर तिला लाज वाटली आणि ती गप्प झाली. खालचं शेत त्या वर्षी पडीकच राहिलं.

तिची मुलगी हर्षदा वापीला कंपनीत होती, तिकडेच तिचं लग्न झालेलं. फोनवर ती चिडायची. "आई, सोड ते. राजीनामा दे नि इकडे ये. कुणासाठी करतेस? ती बारकी तुझ्याशी बोलते तरी का?"

"नाय बोलत."

"मग?"

"तिचा हात सरळ झाला ना," तुळशी म्हणायची. हर्षदाला ते उत्तर पटायचं नाही. खरं तर तुळशीलाही पुरतं पटत नव्हतं.

पुढच्या वर्षी डहाणूच्या कोर्टात केस उभी राहिली. बारकीला पिंजऱ्यात बोलावलं. सरकारी वकिलाने विचारलं, हात कसा मोडला. बारकी स्पष्ट आवाजात म्हणाली, "बांधावरून पडले."

मग तुळशीला बोलावलं. तिने जे पाहिलं, जे ऐकलं ते सांगितलं. बाळ्याचा वकील म्हणाला, "जिला मार लागला तीच म्हणते पडले, आणि तुम्ही म्हणता मारलं. तुमचं आणि आरोपीचं काही वैर?"

"नाय. उपकार आहेत त्याचे."

कोर्टात कुणीतरी हसलं. बाळ्या सुटला.

बाळ्या आणि मुकेश मोटारसायकलवरून पुढे गेले. तुळशी नाक्यावर येऊन टमटममध्ये बसली. गाडी भरायची होती. शेवटच्या जागेवर बारकी येऊन बसली, तिच्या शेजारीच. दुसरी जागाच नव्हती. चारोटीचा नाका मागे पडला, माणसं उतरत गेली, मागच्या बाकावर दोघीच राहिल्या.

"रागावलीस?" बारकीने विचारलं.

तुळशीने मान हलवली. ती हो होती की नाही, कळण्यासारखं नव्हतं.

"मी पडले नव्हते, तुला माहीत आहे," बारकी म्हणाली. "पण तो आत गेला असता तर मी कुठे गेले असते? भावाची बायको दोन महिन्यांत कंटाळली. मला माझ्या घरात राहायचं होतं."

"मारतो अजून?"

"नाय." ती म्हणाली, "हात उचलतो. मग तसाच खाली घेतो. त्या जीपमध्ये बसल्यापासून."

"मग सांग की चार बायांना."

बारकी हसली, ते जुनं मोठं हसणं नव्हे, नुसतं ओठांनी. "सांगितलं तर मलापण पाण्यावर कोण बोलणार नाय. तुला जमतं एकटं राहायला. मला नाय जमत."

गावाच्या अलीकडच्या वळणावर तिने गाडी थांबवली आणि उतरली. दोघींनी एकत्र गावात शिरलेलं तिला नको होतं. तुळशी पुढे गेली. मला जमतं असं हिला कुणी सांगितलं, हा विचार घर येईपर्यंत तिच्या डोक्यात राहिला.

त्या वर्षीची दिवाळी सरली आणि भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमिनीतून गडगड आवाज यायचा आणि भांडी पडायची. माणसं घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहू लागली. कुणाच्या भिंतीला कुठे भेग गेली ते पाहायला तलाठ्याबरोबर तुळशीला घरोघर जावं लागलं. दोन वर्षांत ज्या घरांत तिचं पाऊल पडलं नव्हतं, त्या घरांत ती आता भिंतींना हात लावून बघत होती. लोक दाखवायचे, "पाटील, इथेपण बघा." बसा कुणी म्हणत नव्हतं. पण बघा म्हणत होते.

२०१९ साली तिची पाटीलकीची पाच वर्षं भरली. हर्षदाने जीव तोडून सांगितलं, आता तरी नको. मुकेशनेही गावातल्या दुसऱ्या बायांना विचारून पाहिलं. एकीलाही ते काम नको होतं. तो तुळशीच्या ओटीवर येऊन बसला, बऱ्याच काळाने बसला, आणि म्हणाला, "तूच कर, वयनी. दुसरं कोण आपल्याच माणसांवर लिहील?" तो हे टोचून म्हणाला की कसं, ते तिला कळलं नाही. तिने मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

भाताची कापणी चालू असताना एका सकाळी वरच्या पाड्याची पुष्पा आली. नवं लग्न झालेली, विशीतली. ती ओटीच्या पायरीवर बसली, पदर गळ्याभोवती घट्ट. "काकी, तुम्ही लिहायला नेता ना?"

"नेते," तुळशी म्हणाली. पदराखाली काय असेल ते तिने विचारलं नाही. आधी चहा केला. मग तिच्या शेजारी बसून म्हणाली, "पण ऐक. साहेब लिहून घेतील, जीप येईल. त्यानंतर माणसं बोलायची नाहीत. तुझ्याशी नि माझ्याशी. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. माझ्याशी अजून बोलत नाहीत."

पुष्पा कप धरून बसून राहिली. चहावर साय आली. समोरच्या शेतात कापणीच्या बाया या घराकडे बघत होत्या, त्यांत बारकीही होती.

"तुम्ही बोलाल ना माझ्याशी?" पुष्पाने विचारलं.

"मी बोलेन."

"मग चला."

तुळशीने विळा आत ठेवला, साडी बदलली, दाराला कडी घातली. ओढ्यापर्यंतची वाट अरुंद होती, तरी पुष्पा मागे न राहता तिच्या बाजूने चालत होती. खांद्याला खांदा लागत होता. तुळशी एवढी वर्षं या वाटेने ठाण्याच्या बैठकीला एकटीच गेली होती. बोलायचं काय ते तिला पटकन सुचेना, म्हणून तिने विचारलं, "तुझं माहेर कुठलं गं?" आणि पुष्पा सांगू लागली.