चेंबर नंबर दोनमधली कुंदा

माझा फ्रीज किंचित चढा लागतो, आणि ही तक्रार समजून घेणारी एकमेव बाई गेल्या वर्षी आजच्याच दिवशी वारली.

पेटीची पांढरी पाच पट्टी असते ना, तिच्या केसभर वर गुणगुणतो. दिवसरात्र.

कस्टमर केअरला फोन केला. “सर, कूलिंग होतंय ना?” होतंय. “मग प्रॉब्लेम काय आहे?”
सुरात नाही, म्हटलं. फोन कट.
या देशात ग्राहकाला वाली नाही.

असलं काही मला पूर्वी ऐकू येत नव्हतं. सुखात होतो. माझे कान कुंदाने बिघडवले.

कुंदा आमच्या ऑर्केस्ट्रातली गायिका, मी निवेदक. लग्नाची रिसेप्शन्स, सोसायट्यांचे गणपती, सातपूरच्या कंपन्यांची स्नेहसंमेलनं. वीस वर्षं मी तिला स्टेजवर बोलावलं ते ‘नाशिकची अमुक’ म्हणून. अमुक म्हणजे मुंबईची एक मोठी गायिका. तिचं नाव घेतलं की टाळ्या पडायच्या.
कुंदाचं नाव घ्यायची कधी गरजच पडली नाही.

सीझनमध्ये दिवसा ती पिंपळगावला, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर.

एकदा चहा पिताना म्हणाली, “दिलीप, अल्बम करायचाय.”
“कोणाच्या गाण्यांचा?”
“माझ्या.”
“हो, पण म्हणजे कोणाच्या?”
तिने कप खाली ठेवला. “माझ्या म्हटलं ना.”

नऊ गाणी होती तिच्याकडे. शब्द तिचे, चाली तिच्या. पॉप. एक चाळिशीत स्कूटी शिकणाऱ्या बाईचं. एक नवऱ्याच्या घोरण्यावर बीट बसवून केलेलं. भक्ती नाही, हळद नाही.

स्टुडिओही तिनेच शोधला. पॅकहाउसचं कोल्ड स्टोरेज, चेंबर नंबर दोन. द्राक्षं गेली की पुढच्या सीझनपर्यंत रिकामं. वीतभर जाड भिंती. दार लावलं की हायवे गायब.
मालकाने चावी देताना एवढंच विचारलं, “दार आतून उघडतं का, ते आधी बघून घ्या.”

आत पहिली टाळी वाजवली तर हंड्यात बसल्यासारखं घुमलं. मग आमचा साउंडवाला शाहीद आणि मी भिंतींना द्राक्षांची रिकामी खोकी रचत बसलो. तोंड आतल्या बाजूला, प्रत्येकात गोधडीचा तुकडा. कुंदाने घरातल्या सगळ्या गोधड्या फाडल्या. तिचा नवरा पावसाळाभर चादर पांघरून झोपला.

रेकॉर्डिंगचा नियम एकच. आसपास काहीही गुणगुणता कामा नये. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, माझं तोंड बंद.
“ऐक,” म्हणायची, “अजून काहीतरी वाजतंय.”
आणि खरंच वाजत असायचं. पलीकडच्या ऑफिसातला फ्रीज.

सातवं गाणं आईवरचं. तीन दिवस जमत नव्हतं. चौथ्या दिवशी जमलं.
शेवटची ओळ आली आणि भिंतीपलीकडून घुर्रर्र सुरू झालं.

भाऊसाहेब.
तिथले मशीन ऑपरेटर. सगळी नोकरी तिथेच काढलेली. चेंबरचं दार लागलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप कॉम्प्रेसरच्या बटणावर जातो. आत द्राक्षं आहेत की बाई, हे बघायची पद्धत नाही.

शाहीदने कपाळाला हात लावला. कुंदा थांबली नाही.
गाणं पांढरी पाचमधलं, मशीन केसभर चढं. तिने शेवटचा सा तेवढाच उचलला, मशीनला नेऊन मिळवला आणि दम संपेपर्यंत धरून ठेवला.

माझ्या अंगावर काटा आला. गारठ्याने, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

बाहेर भाऊसाहेब घाम पुसत उभे. “ताई, लय मोठी चूक झाली. सवय हाय ना हाताला.”
“भाऊसाहेब, तुमचं नाव टाकणारे मी.”
“पोलिसात?”
“अल्बमवर.”

पुण्याहून मिक्सिंगवाल्याचा मेसेज आला: सातव्या ट्रॅकच्या शेवटी नॉइज आहे, काढू का?
कुंदाने उत्तर पाठवलं: तो नॉइज नाही, भाऊसाहेब आहेत.
क्रेडिट्समध्ये बघा. ‘कॉम्प्रेसर: भाऊसाहेब.’

दिवाळीनंतर रिलीज. पॅकहाउसच्या ग्रेडिंग हॉलमध्येच. तिथल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, आणि दारात सवयीने हात धुऊन, डोक्याला जाळीच्या टोप्या घालून आत बसल्या. सगळ्या फोटोंत वर टोपी, खाली पैठणी.

माइक माझ्याकडे होता. मी म्हणालो, “रसिकहो, वीस वर्षं उसन्या आवाजावर पोट भरलेली एक बाई आज स्वतःचा आवाज घेऊन आली आहे, सांभाळून घ्या.”
हॉल हसला. कुंदाही हसली.

नंतर माइकची वायर गुंडाळताना म्हणाली, “आज तरी नुसतं नाव घ्यायचं होतंस.”
“लोक हसले ना पण.”
“हसले. तेच म्हणतेय.”
“बरं. पुढच्या वेळी. विनोद न करता.”
“लक्षात ठेवते हां मी.”

चार महिन्यांनी ती गेली. हार्ट. सीझन ऐन भरात होता.

पुढची वेळ आलीच नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या ऑर्केस्ट्राची ऑडिशन होती. सिन्नरची एक मुलगी आली. तिने कुंदाचं सातवं गाणं म्हटलं.
शेवटचा सा केसभर चढा लावला. मागे मशीन नाही, काही नाही. तिला वाटतं, ते गाणं तसंच असतं.

शाहीद तोंड फिरवून उगाच मिक्सर पुसत बसला.

मुलगी म्हणाली, “सर, मला ‘सिन्नरची कुंदा’ म्हणून अनाउन्स कराल का?”

वीस वर्षांत असला अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता. जणू नऊच्या नऊ गाणी मीच लिहिली होती.

तरी म्हटलं, “नाही. तुझं नाव काय ते सांग.”

आत्ता हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज बंद करून आलोय. दूध नासलं तर नासू दे. पंखाही बंद आहे.
लिंक खाली दिली आहे.

रसिकहो,

गात आहेत कुंदा फडोळ.